दुसऱ्या लग्नाला वीस माळा: सोंग काळातला चीन खरंच किती पुढारलेला होता?

प्रश्न असा आला आहे: ‘छिंगमिंग सणाच्या वेळी नदीकाठी’ हे तेव्हाची राजधानी कायफंग हिचं लांबलचक चित्र पाहिलं, मग त्या काळाबद्दल मिळेल ते वाचलं. हजार वर्षांपूर्वी कागदी नोटा, छापील पुस्तकं, रात्रभर उघडी हॉटेलं, परीक्षा देऊन मंत्री झालेली गरिबाची मुलं, बायकांच्या नावावर मालमत्ता. यातलं खरं किती आणि नंतर रंगवलेलं किती? आणि शेवटी जरा संकोचून: तुम्हाला त्या काळात जन्माला यायला आवडलं असतं का?

नावापासूनच सुरुवात करतो, कारण मराठीत ते अडचणीचं आहे. घराणं सोंग, काळ इ.स. ९६० ते १२७९. उच्चार ‘सोंग’ आणि ‘सुंग’ यांच्या मधला कुठलातरी. ‘सुंग’ लिहिलं की मुलं हमखास पुष्यमित्र शुंगाकडे वळतात, म्हणून मी सोंगच लिहितो आणि पहिल्या तासाला वर्गाला एकदा पोटभर हसून घेऊ देतो. त्या हसण्याचा उपयोगही होतो. सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. या मंडळींनी नेमकं तेच आणून दाखवलं. त्यावर येतोच.

जुनी चिनी कागदपत्रं वाचायला लागून मला अठ्ठावीस वर्षं झाली. सुरुवातीला मलाही सम्राट आणि तत्त्वज्ञच दिसायचे. आता कुठलाही मजकूर हातात आला की मी आधी आकडे शोधतो. कोणाला किती दिले, कोणाचे कापले, कशाचा दर काय लावला. नीतिग्रंथात माणसं एक सांगतात, खर्चाच्या वहीत दुसरंच निघतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या वहीतूनच देणार आहे.

१०५० सालचा एक कागद घेऊ. फान झोंगयान हा तेव्हाचा फार मोठा माणूस, उपपंतप्रधान म्हणावं अशा पदावर जाऊन आलेला. त्याने सूझोऊला आपल्या कुळासाठी हजार मू जमीन, म्हणजे साधारण १४० एकर, कायमची बाजूला काढली आणि तिच्या उत्पन्नातून कोणाला काय मिळेल याचे नियम लिहून दिले. माणशी रोज एक शंग (धान्याचं माप) तांदूळ. थंडीच्या कपड्यांसाठी माणशी कापडाचा एक तागा. मुलीच्या लग्नाला तीस माळा. मुलाच्या लग्नाला वीस. (तांब्याच्या नाण्याला मधे चौकोनी भोक असे. दोरीत ओवलेल्या हजार नाण्यांची एक माळ.) त्यानंतरचा नियम असा: मुलीचं दुसरं लग्न असेल तर वीस माळा, मुलाचं दुसरं लग्न असेल तर काही नाही.

हा नियम वाचून दाखवला की आपल्याकडची मुलं थबकतात. थबकायलाच हवं. आपल्याकडे विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, आणि त्याला सदतीस वर्षं उलटल्यावर, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केलं तर मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. इथे कुळाचा कर्ता पुरुष आठशे वर्षं आधी त्याच गोष्टीसाठी रक्कम ठरवून ठेवतोय.

पण लगेच हुरळून जाऊ नका. फानचा बाप तो जेमतेम वर्ष-दीड वर्षाचा असताना गेला. आईने शानतोंगमधल्या झू नावाच्या घरात दुसरं लग्न केलं, आणि हा पोरगा झू म्हणूनच वाढला. १०१५ ला परीक्षा उत्तीर्ण झाला तोही त्याच आडनावाने. फान हे आडनाव त्याने नंतर परत घेतलं. त्या वीस माळांमागे कुठलं स्त्री-स्वातंत्र्याचं धोरण मी शोधत नाही. मला तिथे आईची आठवण ठेवणारा एक मुलगा दिसतो. तरी दुसरी गोष्टही खरी: नियम जाहीर झाला, कुळातल्या कोणाला तो अब्रूवर आला असं वाटलं नाही, आणि ती जमीन पुढे विसाव्या शतकापर्यंत कुळाकडे टिकली.

याच फानची दुसरी गोष्ट चिनी मुलांना शाळेत सांगतात. विद्यार्थी असताना तो रात्री पेज शिजवून ठेवायचा, सकाळपर्यंत ती थिजली की सुरीने चार तुकडे करायचा. दोन सकाळी, दोन संध्याकाळी, तोंडी लावायला खारवलेली भाजी. आपल्याकडे रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलांच्या गोष्टी असतात ना, तशी ही. गरिबाचा मुलगा मंत्री झाला, त्याचं पहिलं उदाहरण नेहमी फानचंच असतं. आता वही उघडा: फानचा बाप सरकारी अधिकारी होता. सावत्र बापही अधिकारीच. पेज थिजलेली असेल, पण घरात पुस्तक आणि लिहायला शिकवणारा माणूस होता.

परीक्षेचं सगळं भांडण इथेच आहे. यंत्रणा म्हणाल तर अप्रतिम. आधी जिल्ह्याची परीक्षा, मग राजधानीतली, आणि ९७३ पासून शेवटची खुद्द सम्राटाच्या देखरेखीखाली राजवाड्यात. ९९२ पासून राजवाड्यातल्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकायला लागले. पत्रिकेला नावाऐवजी एक खुणेचं अक्षर. परीक्षक ओळखीचं हस्ताक्षर हेरतात असं लक्षात आल्यावर, १०१५ च्या सुमारास, कारकुनांचं वेगळं खातंच उघडलं. प्रत्येक उत्तरपत्रिका कारकून पुन्हा लिहून काढणार आणि परीक्षकाकडे ती नक्कल जाणार. फोटोकॉपीच्या आधीच्या जगात हजारो निबंध हाताने उतरवून काढायचे म्हणजे काय खर्च असेल, याचा विचार करा.

आणि ते चालायचंही. १०५७ ला मुख्य परीक्षक होता ओऊयांग श्यू, त्या काळातलं सगळ्यात मोठं साहित्यिक नाव. त्याला एक निबंध इतका आवडला की पहिला क्रमांक द्यायची इच्छा झाली. पण शैली पाहून वाटलं, हा आपलाच शिष्य त्संग गोंग असणार. पहिला दिला तर लोक बोट दाखवतील. म्हणून दुसरा दिला. नाव उघडलं तर निघाला सछ्वानहून आलेला विशीतला सू शी, जो पुढे चीनचा सर्वांत लाडका कवी झाला. या गोष्टीचं शेपूट मला जास्त आवडतं. निबंधात सू शीने प्राचीन राजाचा एक दाखला दिला होता, तो परीक्षकांना कुठे सापडेना. नंतर विचारलं तर म्हणाला, तसंच घडलं असेल असं धरून चाललो.

पण परीक्षा आंधळी असली म्हणजे परीक्षेपर्यंतची वाट सारखी असते असं नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. ११४८ सालची उत्तीर्णांची पूर्ण यादी आजही शिल्लक आहे. ३३० नावं, प्रत्येकाचं वय, गाव, बाप-आजोबा-पणजोबा कोणत्या हुद्द्यावर होते ते. (यात झू शीसुद्धा आहे, ज्याचं कन्फ्यूशियसपंथी ग्रंथांवरचं भाष्य पुढे शतकानुशतकं परीक्षेचं पाठ्यपुस्तक झालं. त्याचा क्रमांक पाचव्या श्रेणीत नव्वदावा. निकालाच्या दिवशी रडणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.) गेल्या शतकाच्या मध्यावर ही यादी अभ्यासली गेली तेव्हा निघालं की ज्यांची माहिती पुरेशी आहे त्यांतल्या ५६ टक्के उमेदवारांच्या वरच्या तीन पिढ्यांत कोणी अधिकारी नव्हता. त्यावरून सोंग चीन म्हणजे गुणवत्तेचं राज्य, असा डंका पिटला गेला. नंतरच्या अभ्यासकांनी साधा प्रश्न विचारला: काका? मामा? सासरा? ते मोजल्यावर चित्र बरंच अंधुक झालं. बाप अधिकारी नसेल, पण चुलत्याने वर्गात बसवलं, आजोळच्या जमिनीवर पोट भरलं. पंधरा-वीस वर्षं एक धडधाकट मुलगा नांगराला न लावता बसवून खायला घालणं ज्या घराला परवडतं, ते घर गरीब नव्हे.

शिवाय मागचं दारही होतं. वरच्या अधिकाऱ्याच्या मुलाला, पुतण्याला परीक्षा न देता किंवा सोपी परीक्षा देऊन नोकरी मिळे. पुढच्या दारातली गर्दी तर वाढतच गेली. तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिल्हा पातळीला चार लाखांच्या आसपास मुलं बसत असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि वर पोचायचे काही शे. मधल्यांचं काय? ९७० मध्ये पहिल्या सम्राटाने पंधरा-पंधरा वेळा नापास झालेले १०६ जण निवडून त्यांना दयेने पदवी देऊन टाकली. पंधरा वेळा. पुढे ही दयेची पदवी नेहमीचीच प्रथा झाली.

आता या परीक्षेचं लग्नाशी काय नातं ते बघा. फानच्या नियमांत मुलीच्या लग्नाला तीस आणि मुलाच्या लग्नाला वीस, हा फरक डोळ्यांत आला असेल. मुलगी देणं महाग होतं, कारण तिच्याबरोबर संपत्ती द्यावी लागे. राजधानीत निकालाचा फलक लागला की श्रीमंत घरांच्या गाड्या तिथे उभ्या राहत. या प्रकाराला नावच होतं, ‘फलकाखालची जावई-पकड’. श्रीमंत व्यापारी उत्तीर्ण मुलाला गळाला लावायला एकेका जावयामागे हजाराहून जास्त माळा मोजत, असं बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका टिपणात आहे. तीस कुठे आणि हजार कुठे! कलेक्टर झालेल्या मुलाचा भाव ज्यांनी ऐकलाय त्यांना मी वेगळं काय समजावणार. ११७८ च्या गृहस्थधर्मावरच्या एका पुस्तकात युआन त्साई हा न्यायाधीश सांगतो की काही लोक मुलगी झाली की दहा हजार देवदारासारखी झाडं लावतात. ती उपवर होते तोवर झाडं विकायला येतात. उपदेश वाटला तरी हे चिंतेचं गणित आहे.

मात्र एक मोठा फरक. ही संपत्ती सासऱ्याच्या तिजोरीत जात नव्हती. कायद्याने भावाभावांत वाटणी झाली तरी सुनेने माहेरून आणलेल्यावर दिरांचा हक्क नाही. नवरा मेला आणि तिने दुसरं घर केलं तर बऱ्याचदा ती आपलं घेऊन बाहेर पडे. सासरची मंडळी यावरून कोर्टात जात आणि न्यायाधीश पुष्कळदा बाईच्या बाजूने निकाल देत. तेव्हा ‘बायकांच्या नावावर मालमत्ता होती’ हे खरं. कुठून आली आणि का आली तेही ध्यानात ठेवा.

इथे कोणीतरी छंग यी या त्या काळातल्या तत्त्वज्ञाचं ते कुप्रसिद्ध वाक्य काढतंच: उपाशी मरणं लहान गोष्ट, शील जाणं मोठी. विधवेने दुसरं लग्न करू नये यासाठी पुढच्या घराण्यांनी ते डोक्यावर घेऊन नाचवलं. पण याच छंग यीने आपल्या वडिलांचं चरित्र लिहिलंय, आणि त्यात वडिलांनी विधवा भाचीला घरी आणून तिचं दुसरं लग्न लावून दिलं याचं कौतुक केलंय. ग्रंथात एक, घरात दुसरं. म्हणूनच मी वही आधी बघतो.

ली छिंगझाओची हकीकत थोडक्यात सांगून टाकतो, कारण तिच्याशिवाय हा विषय अपुरा. १०८४ ची, चीनमधली सर्वांत मोठी कवयित्री. नवरा आणि ती दोघंही जुन्या शिलालेखांच्या ठशांचे वेडे. जेवणानंतर चहा करायचा आणि पैज लावायची की अमुक ओळ कुठल्या पुस्तकाच्या कितव्या पानावर. जिंकेल त्याने आधी प्यायचं. हसता हसता कप मांडीवर सांडायचा आणि कोणालाच चहा मिळायचा नाही. ११२७ ला उत्तरेकडून आलेल्या जुर्चेन लोकांच्या फौजांनी कायफंग घेतलं, दोन सम्राट धरून नेले, दरबार दक्षिणेला पळाला. दोन वर्षांत तिचा नवरा गेला, संग्रह वाटेवर जळत, चोरीला जात राहिला. ११३२ ला तिने दुसरं लग्न केलं आणि ते शंभर दिवसही टिकलं नाही. त्या माणसाने परीक्षेला किती वेळा बसलो याचा खोटा आकडा देऊन, म्हणजे त्या दयेच्या पदवीसारख्या सवलतीतूनच, नोकरी लाटली होती. तिने सरकारकडे तक्रार केली. आरोप खरा निघाला. पण नवऱ्यावर आरोप करणाऱ्या बायकोला, आरोप खरा असला तरी, दोन वर्षं कैद असा कायदा होता. ओळखीपाळखी वापरून ती नऊ दिवसांत सुटली. पुढच्या काळातल्या पंडितांना तिचं दुसरं लग्न इतकं खुपलं की ते झालंच नाही असं सिद्ध करायला त्यांनी पानंच्या पानं खर्च केली.

आणि पाय. लहानपणीच मुलींचे पाय घट्ट बांधून ते वाढू न देण्याची चाल. १२४३ ला फूझोऊमध्ये सतरा वर्षांची एक अधिकाऱ्याच्या घरची मुलगी वारली. १९७५ मध्ये तिचं थडगं सापडलं. आत रेशमी कपड्यांचे शेकडो नग, तलम, अजून टिकलेले. त्यात जोडे होते, सुमारे चौदा सेंटिमीटर लांब. वीतभरही नाही. पट्टीवर चौदा सेंटिमीटर मोजून बघा. त्याच शतकात एका लेखकाने लिहिलं की चार-पाच वर्षांच्या निष्पाप मुलींना एवढ्या यातना का देतात, याचा उपयोग काय तेच कळत नाही. एकाने तरी लिहिलं.

शहराबद्दल तुम्ही वाचलंय त्यातलं बहुतेक खरं आहे, म्हणून मी दोनच गोष्टी जवळून दाखवतो. कायफंगच्या खानावळीत वाढपी डाव्या हातात तीन वाडगे आणि उजव्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत सुमारे वीस वाडगे रचून आणायचा. कोणी गरम मागवलेलं, कोणी गार, आणि चुकायचं नाही. चुकलं तर गिऱ्हाईक मालकाला सांगणार, मालक शिव्या घालणार, पगार कापणार किंवा हाकलणार. मुंबईच्या उडपी हॉटेलात ज्यांनी दुपारची वेळ पाहिलीय त्यांना हे चित्र काढून दाखवायला नको.

दुसरी गोष्ट माझ्या फार आवडीची. कायफंगमध्ये ‘शंभर’ नाणी म्हणजे शंभर नव्हती. नाण्यांची टंचाई, म्हणून सरकारी शंभर म्हणजे ७७. बाजारात ७५. मासे, मटण, भाजीला ७२. सोन्या-चांदीला ७४. लेखनाच्या मजकुराला ५६ (आमच्या धंद्याचं तेव्हाही असंच!). आणि ६८ चा दर तीन गोष्टींना एकच: मोती, पाळायचे किडे-पाखरं, आणि घरकामाला ठेवायची मुलगी. कोणा सुधारकाने रागाने लिहिलेलं हे वाक्य नाही. शहर हरवल्यावर हळहळत आठवणी लिहिणाऱ्या माणसाने दरपत्रक म्हणून सहज नोंदवलंय. त्या झगमगाटातली मोलकरीण कुठे उभी होती ते या आकड्याइतकं स्पष्ट मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

आता पैशाचं सोंग. सछ्वानमध्ये नाणी तांब्याची नव्हे, लोखंडाची. थोडी खरेदी करायची तरी ओझं वाहायला माणूस लागे. म्हणून चेंगडूच्या सोळा सावकारी पेढ्यांनी लोखंड ठेवून घेऊन कागदाची पावती द्यायला सुरुवात केली. पेढ्या बुडायला लागल्या तसं सरकारने काम हातात घेतलं, आणि १०२४ मध्ये पहिला सरकारी छापा निघाला: १२,५६,३४० माळांच्या नोटा, पाठीशी ३,६०,००० माळांचं लोखंड. ठरावीक मुदत, मुदत संपली की जुनी देऊन नवी घ्यायची. ऐंशीएक वर्षं हे नेटकं चाललं, कारण हिशेब नेटका होता. मग सीमेवरच्या लढायांना पैसा कमी पडायला लागला. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला नोटांचं प्रमाण पहिल्या छाप्याच्या वीसपटीवर गेलं आणि चार जुन्या नोटांना एक नवी मिळायला लागली. म्हण खरी ठरली, फक्त तिला ऐंशी वर्षं लागली.

खेड्याकडे त्या चित्रामुळे कोणाचं लक्ष जात नाही, आणि माणसं तर बहुतेक तिथेच होती. १०१२ ला सम्राटाने फूज्येनमधून लवकर येणाऱ्या, पाऊस कमी असला तरी तग धरणाऱ्या चंपा भाताचं तीस हजार हू (हेही धान्याचंच माप) बियाणं मागवून दुष्काळी भागात वाटलं. चंपा म्हणजे आजच्या व्हिएतनामचा दक्षिण-मध्य भाग. त्याच सम्राटाने ‘पश्चिम स्वर्गातून’, म्हणजे मध्य भारतातून, भरघोस दाण्याचे मूग मागवून राजवाड्याच्या मागच्या बागेत लावले आणि पीक आल्यावर जवळच्या मंत्र्यांना चाखायला दिले, असं एका भिक्षूने लिहून ठेवलंय. भारताशी नातं म्हटलं की लोक फक्त बौद्ध ग्रंथांचं बोलतात, मला मूगही तितकेच महत्त्वाचे वाटतात.

पीक वाढलं तरी पेरणीच्या तोंडाशी शेतकरी सावकाराकडेच जाई. १०६९ मध्ये वांग आनशी या मंत्र्याने यावर तोड काढली: सरकारनेच पेरणीला कर्ज द्यायचं, सुगीला वीस टक्के व्याजाने परत घ्यायचं, आणि दहा-दहा घरांनी एकमेकांना जामीन राहायचं. कागदावर उत्तम. पण ठरलेली रक्कम खपवली तर अधिकाऱ्याचं नाव होणार, म्हटल्यावर नको असलेल्यांच्याही गळ्यात कर्जं बांधली गेली. वर्षातून दोनदा कर्ज म्हणजे व्याज चाळीस टक्के. शाखेला उद्दिष्ट दिलं की मॅनेजर काय करतो हे ज्यांना ठाऊक आहे ते वांगला लबाड म्हणणार नाहीत. माणूस प्रामाणिक होता. १०७४ च्या दुष्काळात कायफंगच्या एका वेशीवरच्या छोट्या अधिकाऱ्याने दारातून येणाऱ्या भुकेल्या निर्वासितांचं चित्र काढून तातडीच्या टपालाने थेट सम्राटाकडे पाठवलं आणि वांगला काही काळ पद सोडावं लागलं. हे चित्र आज उरलेलं नाही. छिंगमिंगचं उरलंय.

राहिला शेवटचा प्रश्न. जन्माला यायला आवडलं असतं का, हे कोण म्हणून यावर आहे. सू शी म्हणून आलात तर कविता लिहिल्याबद्दल १०७९ ला तुरुंग, मग हद्दपारी. पण तिथेही तो शेत कसतो आणि डुकराचं मटण मंद आचेवर कसं शिजवायचं यावर कविता करतो. निवड चिठ्ठी टाकून झाली तर मात्र बहुधा दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ म्हणून, नाहीतर शिपाई म्हणून यावं लागेल. शिपायाच्या चेहऱ्यावर गोंदत, पळून जाऊ नये म्हणून. दी छिंग हा असा शिपाई सेनापती होऊन संरक्षणमंत्र्याच्या पदापर्यंत चढला, तेव्हा सम्राटाने त्याला औषधाने गोंदण काढून घे म्हटलं. त्याने नकार दिला: खालच्या शिपायांना बघू दे.

दी छिंग एखादाच. बाकीचे शानझोऊला सापडले, आजच्या सानमनश्याला. १९८५ ते १९९४ या काळात तिथे बेवारशांचं सरकारी कब्रस्तान उकरलं गेलं, ८४९ थडगी, बहुतेक मोठ्या मातीच्या रांजणांत. पुष्कळ जण शिपाई, काही धर्मार्थ दवाखान्यात वारलेले. ११०४ च्या सरकारी नियमाने प्रत्येकाला आठ फूट जागा आणि दोन चौकोनी विटा मिळत. विटेवर नाव कळलं असेल तर नाव, कुठून आणलं ते ठिकाण, पुरल्याची तारीख. आणि परीक्षेत नाव झाकलेल्या उत्तरपत्रिकेला घालत तसं एक खुणेचं अक्षर, म्हणजे उद्या कोणी शोधत आलं तर रांजण सापडावा.